वाळूजचं पावडर कोटिंग युनिट आणि आयएसओ १४००१ : सुरुवात कुठून करायची?

पत्राशेड
वाळूज एमआयडीसीतलं युनिट. प्रेस शॉप आणि पावडर कोटिंग. माणसं ६०, त्यातली २२ ठेकेदाराची, पाळ्या दोन. कोटिंगआधी पार्ट धुऊन तयार करणारी सात टाक्यांची प्रीट्रीटमेंट लाईन, गॅसवरचं ओव्हन, छोटा ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प), १२५ केव्हीएचा जनरेटर. आयएसओ ९००१ (गुणवत्तेचं मानक) आधीपासून आहे. आता मोठं गिऱ्हाईक १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक, मागायलंय, मुदत वर्षभराची. जो कन्सल्टंट येतो तो आधी फाइलींची यादी टेबलावर ठेवतो. मालकांचा प्रश्न सरळ आहे: ९००१ च्याच फाइली थोड्या फिरवून भागेल का, आणि शेडमध्ये नेमकं काय बदलावं लागेल? पहिलं काम कोणतं तेही जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ
पहिलं काम: एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट टू ऑपरेट, म्हणजे कारखाना चालवायची परवानगी, काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. बहुतेक ठिकाणी ते मुदत संपत आली की मगच उघडतात. मालाचं नाव आणि मंजूर प्रमाण, सांडपाणी किती आणि कुठे सोडायचं, चिमण्या किती व किती उंच, इंधन कोणतं, घातक कचऱ्याचे प्रकार आणि त्यांचं वर्षाचं प्रमाण, सगळं त्यात असतं. एका कागदावर तीन रकाने आखा: अट, आज शेडमध्ये काय आहे, पुरावा कुठे आहे. तिसरा रकाना जिथे रिकामा, तिथून काम सुरू.

गाडी अडते ती इथेच. कन्सेंट घेताना नुसतं प्रेस शॉप होतं, कोटिंग नंतर आलं आणि कन्सेंटमध्ये त्याचा पत्ताच नाही. नाहीतर उत्पादन मंजुरीच्या दीडपट. असं असेल तर आधी कन्सेंट दुरुस्तीचा अर्ज, मग सर्टिफिकेटची बोलणी. कायद्यातली एकूण एक त्रुटी ऑडिटच्या दिवशी मिटलेलीच हवी असं नाही. पण ती तुम्हाला ठाऊक हवी, मंडळाकडे अर्ज गेलेला हवा आणि ती कधी मिटणार याच्या तारखा ठरलेल्या हव्यात. कन्सेंटच नसेल तर कुठलीही धड संस्था पुढे सरकत नाही.

फाइलींचं म्हणाल तर दोन्ही मानकांची ४ ते १० ही कलमं एकाच साच्यातली आहेत. कागदपत्रांचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, मॅनेजमेंट रिव्ह्यू, सुधारणा कारवाई या पद्धती ९००१ च्याच चालवा. मॅन्युअल सक्तीचं नाही. नव्याने मेहनत लागते ती अ‍ॅस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टरला, म्हणजे कोणत्या कामातून पर्यावरणावर काय परिणाम होतो त्या नोंदीला (कलम ६.१.२), कायद्यांची यादी करून ती पाळली जाते का हे तपासायला (६.१.३ आणि ९.१.२), कामावरच्या नियंत्रणाला (८.१) आणि आणीबाणीच्या तयारीला (८.२). यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असतील तर बाकीचं आपोआप रांगेला लागतं.

आकडेमोड
स्कोपची, म्हणजे सर्टिफिकेटमध्ये काय काय धरायचं याची, एक पळवाट नेहमी सुचवली जाते: गिऱ्हाईक फक्त प्रेसचे पार्ट घेतं, तेव्हा कोटिंग स्कोपबाहेर ठेवू. चालत नाही. एकाच प्लॉटवरची, तुमच्याच ताब्यातली, पाणी आणि केमिकल सगळ्यात जास्त खाणारी लाईन वगळली तर स्कोप दिशाभूल करणारा ठरतो, आणि ते ऑडिटच्या पहिल्या टप्प्यातच पकडलं जातं.

दुसरं, माणसं ३८ नका सांगू. ऑडिटचे दिवस ठरवताना ठेकेदाराची माणसं आणि पाळ्या दोन्ही धरतात. कमी आकडा सांगून कोटेशन स्वस्त पडतं खरं, पण गेटच्या हजेरीपटावर ६० नावं दिसली की दिवस वाढवून मागतात.

सातवी_टाकी
आता शेडमधलं. अ‍ॅस्पेक्ट रजिस्टर ऑफिसात बसून भरलं की कुठल्याही कंपनीचं एकसारखंच दिसतं: ‘वीज वापर, कागद वापर, ध्वनी’. ते पाण्याच्या नळीमागे चालत जाऊन भरायचं असतं. तुमच्या सात टाक्या बहुधा अशा असतील: डीग्रीजिंग (तेल काढणं), पाणी, डीरस्टिंग (गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग (फॉस्फेटचा थर देणं), पाणी, पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणं). प्रत्येक टाकीपाशी उभं राहून चार गोष्टी लिहा. आत काय जातं, जॉबला चिकटून पुढच्या टाकीत काय जातं, ओव्हरफ्लो कुठे जातो, तळाशी काय साचतं.

हे तीन परिस्थितींत लिहायचं: रोजची, अधूनमधूनची आणि आणीबाणीची. रोजची सगळे लिहितात. निसटते ती अधूनमधूनची, म्हणजे टाकी रिकामी करणं. डीग्रीजिंगचं २,००० लिटर जुनं द्रावण एका दुपारी ईटीपीत सोडलं की पीएच एकदम वर जातो, तेल तरंगतं, गाळ बसत नाही आणि पुढचे काही दिवस आउटलेटचे आकडे बिघडलेले. उपाय अवघड नाही. वेगळी साठवण टाकी ठेवा, त्यातून रोज १०० लिटरच्या आसपास मुख्य प्रवाहात मिसळा आणि त्याची वही ठेवा. अशी टाकी नसली तर ऑडिटर विचारतो, ‘मागचं द्रावण कधी काढलं, कुठे गेलं?’ आणि समोर शांतता.

कचऱ्याच्या नोंदी २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीप्रमाणे वेगवेगळ्या पाहिजेत. फॉस्फेट टाकीच्या तळाचा गाळ १२.५, ईटीपीचा गाळ ३५.३, वापरलेलं तेल ५.१, तेलाच्या चिंध्या आणि कॉटन वेस्ट ३३.२, केमिकलचे रिकामे कॅन-पिंपं ३३.१. हे प्रकार कन्सेंटमधल्या यादीशी ताडून पाहा. फॉस्फेटचा गाळ ईटीपीच्या गाळातच टाकून ‘एकच प्रकार’ दाखवायची पद्धत फार ठिकाणी आहे आणि ती हमखास पकडली जाते, कारण फॉस्फेट केमिकलची खरेदी दिसते आणि गाळ शून्य दिसतो.

सातवी_टाकी
राहिलं होतं: गुण देण्याची पद्धत. तीव्रता गुणिले वारंवारता, आणि १२ च्या वर गेलं तर ‘महत्त्वाचा’ अ‍ॅस्पेक्ट, असं कोष्टक सगळीकडे असतं. त्यातली खोच अशी की वर्षातून दोनदा होणारी टाकी-सफाई वारंवारतेत १ गुण घेते आणि यादीतून गळते. म्हणून कोष्टकावर एक नियम लिहून ठेवा: ज्याला कायदा लागू आहे तो अ‍ॅस्पेक्ट गुण कितीही असोत, महत्त्वाचाच. आणि अ‍ॅस्पेक्ट आणि इम्पॅक्टची अदलाबदल करू नका. ओव्हरफ्लो हा अ‍ॅस्पेक्ट, विहिरीचं पाणी बिघडणं हा इम्पॅक्ट.

पत्राशेड
सातवी_टाकी सर, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. घातक कचऱ्याची खोली सध्या पत्र्याची, मागच्या भिंतीला टेकून. चालेल का?

गोदाकाठ
छप्पर पक्कं असेल तर पत्रा चालतो. जमीन पाहा. फरशीच्या सांध्यांतून तेल मुरतं, म्हणून सलग काँक्रीट आणि वर इपॉक्सी. भोवती बंधारा. सगळ्यात मोठ्या पिंपाच्या ११० टक्के मावेल एवढा, हा प्रघात. २०० लिटरच्या पिंपाला २२० लिटर. १.२ बाय १.२ मीटरच्या चौकोनाला १६ सेंटिमीटर उंची केली की हिशेबाने २३० लिटर मावतात, पण पिंपं जमिनीवरच उभी असतील तर हा हिशेब खोटा ठरतो. एका पिंपाचा तळ साधारण ५८ सेंटिमीटर व्यासाचा. चार पिंपांतलं एक फुटलं तरी उरलेली तीन जागा अडवून बसलेलीच, मग हीच उंची ३४ सेंटिमीटरपर्यंत न्यावी लागते. त्यापेक्षा पिंपं लोखंडी जाळीवर, बंधाऱ्याच्या काठाच्या वर ठेवा, म्हणजे खालची जागा मोकळी राहते. बंधाऱ्याला पाणी काढायचं भोक ठेवू नका. पावसाळ्यात कुणीतरी बोळा काढतो आणि सगळं नाल्यात.

साठवण ९० दिवसांच्या आत. प्रत्येक पिंपावर फॉर्म ८ चं लेबल, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, गाडी निघताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबतचं वाहतूक-पत्र), आणि वर्षाचा परतावा फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. एन्व्हायर्न्मेंट स्टेटमेंट, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल करा. गाळ रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रावर जातो, म्हणजे पुण्याजवळच्या. आपल्या वाळूजशेजारच्या रांजणगाव शेणपुंजीच्या नव्हे. तिथल्या सहीची मॅनिफेस्ट प्रत परत आली का ते बघत चला. गाडी गेली, पावती नाही, असे मॅनिफेस्ट ऑडिटरच्या हाती पहिल्यांदा लागतात. वापरलेलं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. जनरेटरची जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकायची नाही, त्याला २०२२ चे बॅटरी नियम लागू आहेत.

चिमणीकर
जनरेटरच्या चिमणीची उंची मोजून घ्या, डोळ्यांनी नको. सूत्र असं: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ. १२५ चं वर्गमूळ ११.१८, त्याचे ०.२ म्हणजे २.२४. शेड ७ मीटरची असेल तर चिमणी जमिनीपासून सव्वानऊ मीटर. शेड मागाहून उंच केली आणि चिमणी तेवढीच राहिली, हे वाळूजला पावलोपावली दिसतं. आवाजाची मर्यादा औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ७० डेसिबल. मोजमाप प्लॉटच्या हद्दीवर, रात्रीचंही करा. दिवसाच्याच रिपोर्टवर दोन पाळ्या निघत नाहीत.

नवखा_उद्योजक
एक एजंट पंधरा हजारांत, आठवड्यात सर्टिफिकेट देतो म्हणायलाय. ऑडिटपण नाही. घ्यावं का?

आकडेमोड
कागद मिळेल, गिऱ्हाईक परत पाठवेल. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. देते ती सर्टिफिकेशन संस्था, आणि त्या संस्थेला मान्यता लागते, आपल्याकडे क्वालिटी काउन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतल्या एनएबीसीबीची, किंवा तिच्यासारख्याच परदेशी मंडळाची. सर्टिफिकेटवर मान्यतेचं चिन्ह आणि क्रमांक बघा, मग आयएएफ सर्टसर्च (IAF CertSearch) या साइटवर कंपनीचं नाव टाका. मोठ्या कंपन्यांचा खरेदी विभाग हेच करतो. आणखी एक खूण: जी संस्था म्हणते की कन्सल्टिंगही आमचंच आणि सर्टिफिकेटही आमचंच, तिच्यापासून लांब राहा. सर्टिफिकेशन संस्थेला सल्ल्याचं काम करायला मनाई आहे.

खऱ्या ऑडिटचे दोन टप्पे. पहिल्यात कागद, स्कोप, कायद्यांची यादी आणि शेडमधून एक फेरी. दुसऱ्यात सगळं बारकाईने. दुसऱ्याआधी तुमचं अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेलं हवं, आणि नोंदी निदान तीनेक महिन्यांच्या असाव्यात. मोठी एनसी (मानकाशी विसंगती) निघाली तर दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दिवसापासून सहा महिन्यांत ती मिटवून तपासून घ्यावी लागते, नाहीतर तो टप्पा पुन्हा. सर्टिफिकेट तीन वर्षांचं. मधे दरवर्षी देखरेख ऑडिट. पहिलं सर्टिफिकेटच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत. त्याचे दिवस सुरुवातीच्या साधारण एक-तृतीयांश, तीन वर्षांनंतरच्या फेरऑडिटचे दोन-तृतीयांश. कोटेशन घेताना तिन्ही वर्षांचा आकडा एकत्र मागा. पहिलं वर्ष स्वस्त आणि पुढची महाग, असा खेळ असतो.

नवखा_उद्योजक
आणि झेड (ZED) सर्टिफिकेट?

आकडेमोड
ते वेगळं. एमएसएमई मंत्रालयाची योजना, २०२२ पासून नव्या रूपात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. शुल्क १०, ४० आणि ९० हजार, त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट, असे दर ठरले होते. सवयी लावायला बरं आहे. पण गिऱ्हाइकाने १४००१ लिहून मागितलं असेल तर झेड त्याच्या जागी चालत नाही.

मोंढा_जालना
इंडक्शन भट्टी आणि रोलिंग मिलवाल्यांसाठी काही? जालन्यात बऱ्याच जणांना सप्लायसाठी विचारायलेत.

चिमणीकर
भट्टीचा धूर सगळ्यात जास्त निघतो तो स्क्रॅप टाकताना, वितळताना नाही. हूड भट्टीच्या तोंडावर नीट बसत नसेल तर बॅग फिल्टर कितीही मोठा घ्या, धूर छपरातूनच जातो. म्हणून चार्जिंगच्या वेळी हूड बाजूला सरकतो का, सरकला तर तेवढ्या वेळात सक्शन कुठून होतं, ते आधी पाहा. बॅग फिल्टरवर मॅनोमीटर (दाबातला फरक दाखवणारं उपकरण) लावा. नेहमीच्या चालण्यात १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या आसपास फरक दिसतो. तो एकदम खाली आला तर बॅग फाटली आहे, चढत गेला तर बॅग तुंबली आहे किंवा झटकायची हवा कमी पडतेय. हा आकडा पाळीत दोनदा लिहिला की ८.१ चा अर्धा पुरावा तयार. काटा महिनोन्महिने एकाच आकड्यावर असेल तर ऑडिटर नळी उपसून बघतो. बहुतेक वेळा ती धुळीने बुजलेली असते.

तेलकट स्क्रॅप आणि बंद सिलिंडर, दोन्ही यार्डातच वेगळे काढायचे. बंद सिलिंडर भट्टीत गेला तर स्फोट, ८.२ च्या यादीत तो पहिला. यार्डातलं पावसाचं पाणी तेल घेऊन वाहतं. यार्डाला उतार देऊन गाळणीची टाकी करा. मिल स्केल (गरम लोखंडावरून निघणारे पापुद्रे) विकली जाते, तिच्या वजनाच्या पावत्या ठेवा. रात्री भट्टी चालत असेल तर ऑडिटरला रात्रीच बोलवा. दुपारच्या ऑडिटमध्ये थंड भट्टी दाखवून भागत नाही, पाळ्या बघणं त्यालाही बंधनकारक आहे.

पाचट
साखर कारखान्यांचं वेगळं गणित. ऑडिटचा दुसरा टप्पा गाळप चालू असतानाच. आपल्याकडे हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. दुष्काळी साली ऊस संपला की फेब्रुवारीतच पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, म्हणून तारीख डिसेंबरच्या आतच धरा. २०१६ च्या अधिसूचनेप्रमाणे सांडपाणी उसाच्या टनामागे २०० लिटरच्या आत. रोज २,५०० टन गाळणाऱ्याला म्हणजे दिवसाला ५०० घनमीटर. मीटर आउटलेटला हवा. पंपाच्या तासांवरून काढलेला आकडा टिकत नाही.

ईटीपीतले जिवाणू बंद हंगामात उपाशी मरतात. गाळपाच्या काही आठवडे आधी शेण, युरिया, डीएपी टाकून टाकी जागती करावी लागते. ते केलं नाही तर हंगामाच्या तोंडावरचे सगळे रिपोर्ट नापास, आणि ऑडिटर नेमके तेच मागतो.

तेरणा
एक मुद्दा कुणी काढला नाही. २०२४ मध्ये मानकात छोटी दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम ४.१ मध्ये हवामान बदल तुमच्या संस्थेला लागू पडतो का हे ठरवावं लागतं. मुंबईच्या कन्सल्टंटच्या साच्यात त्याचं उत्तर ‘लागू नाही’ असं छापून येतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. वाळूजच्या नळाला जायकवाडीचंच पाणी. इथे ‘लागू नाही’ लिहिणाऱ्याला ऑडिटरने खुर्चीतून उठवून नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, दाखवून आणावं. लिहायचं ते हे: नळ तीन दिवस बंद राहिला तर लाईन किती तास चालेल, टँकरचं पाणी कठीण असेल तर फॉस्फेटच्या दर्जावर काय होईल, आणि साठवण किती.

सातवी_टाकी
तेरणा ताई, हा मुद्दा उद्दिष्टांशी जोडता येतो. ‘१०० झाडं लावू’ हे उद्दिष्ट कृपया लिहू नका. झाडं कन्सेंटच्या अटीतच असतात, म्हणजे ती तुम्हाला एरवीही लावायचीच आहेत. त्यापेक्षा ‘कोटिंगच्या दर चौरस मीटरमागे पाणी किती लिटर’ हे धरा. भागाकार महत्त्वाचा. नुसतं एकूण पाणी धरलं तर ऑर्डर घटल्या की उद्दिष्ट आपोआप ‘साध्य’.

कमी कसं करायचं? एकाच टाकीत धुण्याऐवजी दोन टाक्यांत उलट्या दिशेने. ताजं पाणी दुसऱ्या टाकीत, तिचा ओव्हरफ्लो पहिलीत, जॉब मात्र पहिलीतून दुसरीत. जॉबला चिकटून तासाला १ लिटर द्रावण येत असेल आणि ते हजारपट पातळ करायचं असेल, तर एका टाकीला तासाला १,००० लिटर लागतात, उलट्या दोन टाक्यांना साधारण ३२. हिशेबातला हा फरक शेडमध्ये जसाच्या तसा येत नाही, पण निम्म्याहून कमी पाणी सहज लागतं. त्याआधी फुकटातलं काम: जॉब टाकीवर अर्धा ते एक मिनिट निथळू द्या, आणि खोलगट पार्ट तोंड खाली करून टांगा. पाण्याचा व्हॉल्व्ह अंदाजाने न फिरवता कंडक्टिव्हिटी मीटर बघून. आणि बदल करण्याआधीचे तीन महिन्यांचे आकडे हातात असू द्या, नाहीतर तुलना कशाशी?

पत्राशेड
कन्सेंट काढून बसलो. डीरस्टिंग टाकी त्यात आहे, पॅसिव्हेशन नाही. आणि जुन्या कागदांवर औरंगाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. अडेल का?

गोदाकाठ
नावामुळे अडत नाही. प्लॉट नंबर आणि सेक्टर सगळीकडे एकच आहे ना, तेवढं बघा. सर्टिफिकेटवर मात्र नवं नाव घाला, म्हणजे पुढच्या नूतनीकरणात कन्सेंटशी जुळेल. पॅसिव्हेशनचं गंभीर आहे. त्यात क्रोमियम वापरता का ते आधी केमिकलच्या एसडीएसमध्ये (सुरक्षा माहितीपत्रकात) पाहा. हेक्साव्हॅलंट क्रोमियम असेल तर ईटीपीत आधी आम्लात, पीएच २ ते ३ वर, त्याचं क्षपण करावं लागतं आणि मग पीएच चढवून गाळ बसवायचा. नुसता चुना टाकला तर ते पाण्यातच राहतं. शक्य असेल तर क्रोमियम नसलेलं पॅसिव्हेशन घ्या, दुरुस्तीच्या अर्जात ते लिहा, अर्जाची पोच लावा.

पत्राशेड
पॅसिव्हेशन क्रोमियमवालंच निघालं. पुरवठादाराकडे बिनक्रोमियमचं आहे. ठेकेदाराच्या २२ माणसांचं प्रशिक्षण कसं दाखवायचं? बरीचशी हिंदी पट्ट्यातली आहेत.

चिमणीकर
हजेरीच्या सह्या कुणी बघत नाही म्हणा ना. ऑडिटर टाकीपाशी जाऊन माणसाला हिंदीत विचारतो, ‘यह ड्रम गिर गया तो क्या करोगे?’ त्याला उत्तर आलं पाहिजे. म्हणून टाकीजवळ चित्रांचा फलक, हिंदी आणि मराठीत. वाळूची बादली, फावडं, रबरी हातमोजे टाकीपासून दहा पावलांत. गळतीची रंगीत तालीम एकदा दिवसा, एकदा दुसऱ्या पाळीत, ठेकेदाराच्या सुपरवायझरसकट. किती मिनिटांत नाल्याचं तोंड बंद झालं तेवढं लिहा. पहिल्या तालमीत बादलीला कुलूप असतं आणि किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात. तेही लिहून ठेवा आणि कुलूप काढल्याची तारीख पुढे टाका.